सगळं पोटात घालणारा

ग्रीनलंडच्या मधल्या पठारावर तंबू ठोकणाऱ्या माणसाच्या पायाखाली तीन किलोमीटर बर्फ असतो, असं आपण वाचतो. ते खरं आहे, पण वरचे सत्तर-ऐंशी मीटर सोडून. तेवढ्या जागेत बर्फ नाही. तिथे फिर्न राहतो.

आकाशातून पडलेलं हिम एक उन्हाळा न वितळता टिकलं, की त्याचा फिर्न होतो. पुढे त्याच्या कणांमधून जाणाऱ्या हवेच्या वाटा बुजल्या, की फिर्न संपतो आणि बर्फ सुरू होतो. घनमीटरमागे ३५०-४०० किलोपासून ८३० किलोपर्यंत वजन वाढवत नेणं, एवढंच त्याचं आयुष्य. खालचा पक्का बर्फ ९१७ किलोचा. दिसायला फिर्न काहीच नाही: पांढरा, कणीदार, बोटांनी चुरला तर भुगा होणारा आणि तरी करवतीनं कापला तर सरळ कडा धरणारा. हिमाचं कौतुक होतं, बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या गाभ्यांची छायाचित्रं सगळीकडे छापून येतात. फिर्नकडे पाहायला कुणी थांबत नाही. मला तो आवडतो त्याच्या सोशिकपणामुळे. थंडी, हवा, पाणी, वरून पडणारा भार, जे येईल ते तो पोटात घालतो. आणि हल्ली त्याची काळजी वाटते तीही याच स्वभावामुळे.

त्याच्याबद्दलचा पहिला गैरसमज म्हणजे तो गारठलेला आहे. उणे ३० अंशांत आपण गारठतो, फिर्न नाही. एखादा पदार्थ आपल्या वितळणबिंदूच्या किती जवळ आहे, हे निरपेक्ष शून्यापासून मोजावं लागतं. त्या मापानं उणे ३० अंशांचा फिर्न वितळण्याच्या वाटेवर जवळजवळ नव्वद टक्के पुढे आलेला असतो. लोखंड तेवढ्याच अंतरावर आणायचं तर ते १,३०० अंशांच्या पुढे तापवावं लागेल. ते लखलखीत पिवळं दिसेल, लोहार त्याला हवा तसा आकार देऊ शकेल. ध्रुवावरचा फिर्न बारा महिने अशा अवस्थेत असतो. म्हणून त्याचे कण कधी स्वस्थ बसत नाहीत. दोन कण एकमेकांना टेकले, की टेकल्या जागी एक बारीक मान तयार होते. कणांच्या फुगीर भागांवरून वाफेचे रेणू सुटतात आणि त्या मानेच्या खोबणीत जाऊन बसतात. काही रेणू पृष्ठभागावरून सरकत येतात, काही कणाच्या आतून. मान जाड होत जाते. धातूचं चूर्ण न वितळवता भट्टीत सांधतात, तेही याच क्रियेनं. दाव्होसच्या हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्थेत हिमाचा छोटा तुकडा क्ष-किरणांच्या टोमोग्राफी यंत्रात ठेवून हे सगळं घडताना पाहता येतं. काही दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन चित्रांत तोच तुकडा ओळखू येऊ नये, इतका बदललेला असतो.

ऋतू त्याच्यात वरून झिरपतात आणि विरत जातात. उन्हाळ्याची ऊब, हिवाळ्याची कडक थंडी, दोन्हींची लाट जसजशी खाली उतरते तसतशी मंदावते. दहा-पंधरा मीटरांवर ती जवळजवळ पोचतच नाही. तिथलं तापमान म्हणजे त्या जागेची वर्षभराची सरासरी. जिथे कधी हवामान केंद्र उभं राहिलं नाही, अशा कित्येक जागांची सरासरी तापमानं फिर्नमध्ये पाडलेल्या भोकात थर्मामीटर सोडूनच कळली.

आता त्याच्या वाढण्याविषयी. डब्यात रवा भरून डबा दोन-चार वेळा ओट्यावर आपटला की रवा खाली बसतो, आणि एका मर्यादेनंतर कितीही आपटला तरी बसत नाही. फिर्नचं बालपण असंच जातं. वरच्या भारानं कण एकमेकांवरून घसरतात, फिरतात, मिळेल त्या फटीत जाऊन बसतात. घनता ५५० किलोच्या आसपास पोचली, की बसायला जागा उरत नाही. अमेरिकन हिमशास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅली यांनी १९८७ मध्ये या घसरण्याचं गणित मांडलं. यापुढे दाटायचं तर प्रत्येक कणालाच आकार बदलावा लागतो, शेजाऱ्याच्या दाबाखाली हळूहळू दबावं लागतं. हे काम फार सावकाश चालतं, आणि किती सावकाश हे तापमान ठरवतं. कॅनडाच्या युकॉनमधल्या अप्पर स्यूअर्ड हिमनदीवर उन्हाळ्यात वितळलेलं पाणी कणांमध्ये शिरतं, पुन्हा गोठतं, आणि तीन ते पाच वर्षांत, अवघ्या १३ मीटरांवर बर्फ तयार होतो. अंटार्क्टिकाच्या व्होस्तोकवर वर्षाची सरासरी उणे ५५ अंश. तिथे वर्षाकाठी जेमतेम बोटभर जाडीचं पाणी होईल एवढंच हिम पडतं. तिथला फिर्न बर्फ व्हायला शंभरेक मीटर आणि तीन हजारांहून जास्त वर्षं घेतो.

त्या सगळ्या वर्षांत तो श्वास घेत असतो. वरच्या काही मीटरांत वारा थेट घुसतो. त्याखाली हवा रेणूरेणूनं सरकते, आणि जड रेणू थोडे जास्त खाली उतरतात. तळाशी वाटा बंद होतात आणि हवेचे बुडबुडे कायमचे अडकतात. म्हणजे बर्फाच्या एकाच तुकड्यात दोन वेगवेगळी वयं असतात. बर्फ जुना, आतली हवा त्याहून तरुण. ग्रीनलंडच्या माथ्यावर हा फरक साधारण दोनशे वर्षांचा, व्होस्तोकवर हजारो वर्षांचा. हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं की आधी कार्बन डायऑक्साइड, हा प्रश्न हवामानशास्त्रात किती वर्षं घोळला! त्याचं उत्तर या फरकावर अडलेलं होतं. गाभ्यात तापमानाची खूण बर्फात असते आणि वायू बुडबुड्यात असतो. दोघांना एका कालरेषेवर आणायचं, तर त्या काळी फिर्न किती जाड होता ते कळायला हवं. ते सांगितलं नायट्रोजननं. जड नायट्रोजन जितका जास्त साचलेला, तितका फिर्न खोल. २०१३ मध्ये फ्रेदेरिक पारेनँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या युक्तीनं हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दोन्ही वाढी जवळजवळ एकाच वेळी झाल्याचं दिसलं. वीस हजार वर्षांपूर्वीच्या फिर्नची जाडी आज मोजता यावी, यात मला विज्ञानाची सगळी ऐट दिसते.

ही हवा अडकण्याआधीच काढूनही घेता येते. भोक पाडायचं, त्यात रबरी पिशवी सोडून फुगवायची म्हणजे वरून ताजी हवा येत नाही, आणि खालची हवा नळीनं ओढायची. दक्षिण ध्रुवावर सव्वाशे मीटरांच्या आत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची हवा मिळाली. १९९९ मध्ये अशाच नमुन्यांनी एक वाद मिटवला. क्लोरोफ्लुरोकार्बन निसर्गातही तयार होत असतील, असं म्हणणाऱ्यांना फिर्ननं उत्तर दिलं: सर्वांत जुन्या हवेत ते जवळजवळ नव्हतेच. ओझोनचा थर फाडणारी ही रसायनं माणसाचीच होती.

अंटार्क्टिकातून आणलेला फिर्न आपल्या गोव्यातही राहतो. वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे. बाहेर दमट उकाडा आणि आत उणे २० अंशांच्या खोल्या, जाड कोट घालून काम करणारी माणसं. तिथे गाभे कापले जातात, त्यांचं वजन, त्यातले क्षार, धूळ, समस्थानिकं मोजली जातात. उणे २० आपल्याला भयंकर वाटतं, पण अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावरच्या फिर्नला तो उन्हाळाच. त्याचे कण पेटीतही वाढत राहतात. म्हणून आणलेल्या फिर्नबाबत दिरंगाई परवडत नाही.

त्याच्याशी जवळची ओळख करून घेतली ती बर्लिनच्या एका शिक्षकानं. खंड सरकतात हा विचार मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांची १९३०-३१ ची ग्रीनलंड मोहीम. किनाऱ्यापासून चारशे किलोमीटर आत, ३,००० मीटर उंचीवर आइसमिट्टे नावाचं ठाणं उभारायचं होतं. घर पोचलंच नाही. मोटारीच्या घसरगाड्या वाटेत बंद पडल्या. ठाण्यावर आलेल्या योहानेस गेओर्गी आणि तो बर्लिनचा शिक्षक, अर्न्स्ट झोर्ग, यांनी मग फिर्नमध्येच खोली कोरली आणि तिच्यात राहिले. ३० ऑक्टोबरला वेगेनर, फ्रिट्झ ल्योवे आणि ग्रीनलंडचे रास्मुस व्हिलुमसेन उणे पन्नास अंशांतून तिथे पोचले. ल्योवेंच्या पायांची बोटं गोठून मेली होती. गेओर्गींनी ती खिशातल्या चाकूनं कापली. १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि व्हिलुमसेन किनाऱ्याकडे परत निघाले. दोघेही पोचले नाहीत.

मागे राहिलेल्या तिघांना ते कळायला मार्ग नव्हता. त्या हिवाळ्यात झोर्ग खोलीशेजारी खाली खणत गेला, हातानं, पंधरा मीटर. दर थराचा ठोकळा कापायचा, वजन करायचं, नोंद करायची, पुढचा थर. अंधार, उपासमारीची शक्यता, कण्हणारा मित्र, आणि या माणसाला पडलेला प्रश्न हा की पायाखालचं हिम खाली जाताना नेमकं किती दाट होतं. आजचे उपग्रह मला थक्क करतात, पण त्या खड्ड्याइतका आदर मला त्यांच्याबद्दल वाटत नाही. झोर्गच्या मोजमापांतून एक साधी गोष्ट निघाली. एखाद्या ठिकाणी दरवर्षी तेवढंच हिम पडत असेल आणि तापमान तेच असेल, तर अमुक खोलीवरची घनता काळानुसार बदलत नाही. थर खाली जात राहतात, पण दहा मीटरांवर आज जी घनता आहे तीच तिथे पुढच्या पिढीलाही मिळेल. १९५४ मध्ये हेन्री बाडर यांनी याला झोर्गचा नियम म्हटलं. वेगेनर यांचा देह १९३१ च्या मे महिन्यात सापडला आणि तिथेच पुन्हा पुरला गेला. व्हिलुमसेन कधीच सापडले नाहीत. त्यानंतरच्या दर हिवाळ्याचं हिम वेगेनरांना आणखी खाली नेत आलं आहे.

शीतयुद्धात अमेरिकी लष्करानं वायव्य ग्रीनलंडमध्ये कॅम्प सेंच्युरी हे अख्खं ठाणं फिर्नमध्ये चर खोदून बसवलं, अणुभट्टीसकट. फिर्न दबत राहिला, भिंती आत सरकत राहिल्या, माणसं त्या तासत राहिली. १९६७ मध्ये ठाणं सोडून द्यावं लागलं. त्याचा कचरा अजून तिथेच आहे.

फिर्न कसा दाटेल हे गणितानं सांगणाऱ्या मॉडेलची गोष्ट झोर्गच्या खड्ड्यापासूनच पुढे जाते. १९८० मध्ये मायकेल हेरॉन आणि चेस्टर लँगवे यांनी ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकातल्या गाभ्यांच्या घनता एकत्र मांडल्या आणि दोन छोटी समीकरणं दिली, एक ५५० किलोच्या अलीकडचं, एक पलीकडचं. वर्षाचं सरासरी तापमान, वर्षाचा हिमपात आणि पृष्ठभागाची घनता, एवढं सांगितलं की खालचा सगळा उतार काढून मिळतो. ही समीकरणं आजही वापरात आहेत, याचं कारण त्यांचा साधेपणा. पण त्यांच्या पोटात झोर्गची अट आहे: हवामान स्थिर हवं. नंतरच्या मॉडेलांनी ती अट सोडायचा प्रयत्न केला. कुणी कणांचा आकार घेतला, कुणी दाब, कुणी ऋतूंनुसार बदलणारं तापमान. २०१७ मध्ये अशा अनेक मॉडेलांना एकच परीक्षा दिली गेली: अचानक तापमान किंवा हिमपात बदलला तर फिर्न काय करेल? उत्तरं जुळली नाहीत. स्थिर हवामानातल्या गाभ्यांवर बेतलेली समीकरणं बदलत्या हवामानात एकमेकांपासून दूर जातात, हे त्यातून उघड झालं.

हे भांडण प्रयोगशाळेपुरतं नाही. नासाचा आइससॅट-२ उपग्रह २०१८ पासून लेझरनं बर्फाच्या पठारांची उंची मोजतो. समजा, एखाद्या जागी पृष्ठभाग एक मीटर खाली गेला. तिथला बर्फ वितळून वाहून गेला असेल, तर दर चौरस मीटरमागे नऊशे लिटर पाणी समुद्रात गेलं. फिर्न नुसता जास्त दाटला असेल, तर एक थेंबही गेला नाही. उपग्रहाला दोन्ही सारखेच दिसतात. त्यातला फरक फिर्नचं मॉडेलच सांगतं, आणि समुद्र किती चढणार हा आकडा त्यावर टेकलेला असतो. मुंबईच्या आणि कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोचणारा हा आकडा आहे. रडारनं उंची मोजणाऱ्या उपग्रहांचं तर आणखी अवघड, कारण त्याच्या लहरी फिर्नमध्ये शिरतात. २०१२ च्या जुलैत चार-पाच दिवसांत ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळला, अगदी माथ्यापर्यंत. ते पाणी गोठून वरच्या थरात बर्फाची पट्टी झाली. लहरी आता तिच्यावरूनच परतू लागल्या आणि क्रायोसॅट-२ या रडार उपग्रहाच्या नोंदीत आतलं पठार अर्ध्या मीटरहून जास्त वर आल्यासारखं दिसलं. वितळून ते उंच झालं होतं, असं नोंद म्हणत होती.

त्यामुळे अजून माणसं तिथे जातात आणि खड्डे खणतात. शेजारीशेजारी दोन खड्डे, मध्ये पातळशी भिंत, एका खड्ड्यावर छप्पर घालायचं. अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहिलं की पलीकडचा उजेड भिंतीतून निळा होऊन येतो आणि प्रत्येक उन्हाळा, प्रत्येक वादळ वेगळं मोजता येतं. दाटण्याचा वेग मोजायची पद्धत याहून साधी: भोकाच्या तळाशी एक नांगर बसवायचा, त्याला तार बांधायची, तार वरच्या चौकटीवर ताणून ठेवायची, आणि किती आखडली ते वाचत राहायचं.

आता त्याच्या सोशिकपणाची सर्वांत कठीण बाजू. पाणी. ग्रीनलंडच्या उतारावर उन्हाळ्यात वितळतं ते सगळंच समुद्राला मिळत नाही. बरंचसं फिर्न पोटात घेतो आणि गोठवून ठेवतो. इतकी वर्षं त्यानं हे काम बिनबोभाट केलं. २०११ च्या वसंतात आग्नेय ग्रीनलंडमध्ये रिचर्ड फोर्स्टर यांचा गट गाभा काढत होता. हवा शून्याच्या खूप खाली होती, आणि साधारण दहा मीटरांवरून वर आलेल्या नळीतून पाणी गळू लागलं. तिथे दरवर्षी इतकं हिम पडतं की हिवाळ्याची थंडी खालच्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. हा भूजलसाठा सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर पसरलेला असावा, असा अंदाज निघाला. तोवर त्याची फारशी कुणाला कल्पना नव्हती.

पश्चिमेकडे वेगळं घडतंय. तिथे एकामागून एक आलेल्या गरम उन्हाळ्यांनी वरच्या थरांत इतकं पाणी गोठवलं की सलग, काही मीटर जाड बर्फाच्या लाद्या तयार झाल्या. लादीखाली रिकामा फिर्न अजून आहे. त्याच्यात जागा आहे, थंडी आहे, पण पाण्याला तिथे जायची वाट उरलेली नाही. ते लादीवरून वाहत समुद्राकडे जातं. म्हणजे त्याची सहनशक्ती संपायला त्याचं पोट भरावं लागत नाही, वरचं तोंड बंद झालं तरी पुरतं. हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. आणि लादी एकदा झाली, की तिच्यावर नव्या हिमाचा पुरेसा जाड फिर्न साचेपर्यंत ती जागा पूर्ववत होत नाही. लादी व्हायला थोडे उन्हाळे पुरतात, फिर्न साचायला दशकं लागतात. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या लार्सन बी या तरंगत्या हिमपट्ट्यावरचा फिर्न तर पूर्णच भरून गेला होता. पाणी वर तळी करून साचलं, भेगांत घुसलं, आणि २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ३५ दिवसांत ३,२५० चौरस किलोमीटर बर्फाचे तुकडे झाले.

मॉडेल करणाऱ्यांना सध्या अडलं आहे ते इथेच. संगणकात पाण्याला वागवायची सर्वांत सोपी रीत अशी: वरचा थर भरला की उरलेलं पाणी खालच्या थरात. प्रत्यक्षातलं पाणी असं रांगेत उभं राहत नाही. पश्चिम ग्रीनलंडमध्ये नील हम्फ्री आणि जोएल हार्पर यांनी फिर्नमध्ये तापमापकांच्या माळा पुरल्या, तेव्हा वरचे थर थंडगार असताना काही मीटर खालचा तापमापक एकाएकी गरम झालेला आढळला. पाणी मधले थर सोडून एखाद्या उभ्या नळीसारख्या वाटेनं खाली उतरलं होतं. ही वाट कुठे फुटेल, हे कसं सांगायचं? एक उपाय म्हणजे पृष्ठभागावर रंगीत पाणी ओतायचं आणि मग तिथे खड्डा खणून भिंत पाहायची. एका जागी रंग बोटभर जाडीच्या बर्फाच्या पट्टीवर अडून आडवा पसरलेला असतो. तिथून हातभर अंतरावर तीच पट्टी फोडून तो सरळ खाली गेलेला असतो.